घड्याळवाल्याचं काय चुकलं

नाशिकच्या शाखेवर खांबेटे साहेब आले आणि शनिवारच्या मीटिंगला पिक्चर सुरू झाले. आधीचा साहेब मीटिंगमध्ये नुसता शिव्या द्यायचा. शिव्या खाल्ल्या की माणसं निदान मोकळी तरी व्हायची. खांबेटे शिव्या देत नसत. ते मुंबईहून फिल्मचा डबा मागवत, मेन रोडवरच्या माडीच्या खिडक्यांना चादरी लावत, भिंतीवर पांढरं कापड ताणत आणि सगळ्या सेल्समनना अंधारात बसवून शहाणं करत. पिक्चर संपला की प्रत्येकानं उभं राहून दोन शब्द बोलायचे, असा नियम. ही सगळी मंडळी दारोदार हिंडून शिलाई मशीन विकणारी. बोलण्यावरच त्यांचं पोट. पण साहेबापुढं उभं राहिलं की भल्याभल्यांची दातखीळ बसायची.

सहादू पगारेची बसत नसे. बसून चालण्यासारखं नव्हतं त्याला. त्याची लाइन बाहेरगावची. सोमवारी पहाटे एसटी धरायची, सिन्नर करायचं, येवला करायचं, मधली खेडी करायची आणि शनिवारी मीटिंगला परत यायचं. घरी बायको एकटी. कुसाबाईला फिट यायची. आदल्या वर्षी स्टोव्हपुढं बसलेली असताना आली आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला. सहादू तेव्हा येवल्याच्या लॉजवर घोरत पडला होता. त्याला कळलं ते तीन दिवसांनी, घरी आल्यावर. तेव्हापासून बाहेरगावी असताना त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्याला शहराची लाइन हवी होती, बाकी काही नको होतं. शहराची लाइन म्हणजे संध्याकाळी घरी येऊन स्टोव्ह आपण पेटवायचा.

शहराच्या दोन लाइनी होत्या. एक गोरक्षकडं, तो चुणचुणीत, साहेबाच्या मर्जीतला. दुसरी धोंडीराम साळव्यांकडं.

धोंडीरामबापूंनीच सहादूला या धंद्यात आणलं होतं. दोघं एकाच वस्तीतले. सहादू बेकार हिंडत होता तेव्हा बापूंनी त्याला बरोबर घेतलं, मशीनची पेटी खांद्यावर कशी घ्यायची इथपासून शिकवलं. दारात उभं राहून मशीनची तारीफ करायची नाही, घरातलं एखादं जुनं लुगडं मागायचं, तिथंच ओट्यावर बसून त्याचा उशीचा अभ्रा शिवून बाईच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. बाई अभ्रा उलटासुलटा करून बघते, टाके मोजते, आणि मग तिची मान हलायला लागते. मान हलायला लागली की मात्र थांबायचं नाही, बोलत सुटायचं. "हलत्या मानेपुढं जो थांबला तो मेला," बापू सांगायचे. सहादूनं हे असं गिरवलं होतं की झोपेत उठवलं तरी चुकला नसता.

पण बापूंचे दिवस आता फिरले होते. शहरातल्या बायका दुकानात जाऊन हप्त्यानं मशीन घ्यायला लागल्या होत्या. इंदिरानगरकडच्या नव्या घरांमध्ये तर दारालाच भिंग बसवलेलं. आतली बाई बघायची, बाहेर पेटीवाला म्हातारा दिसायचा, आणि दार उघडायचंच नाही. दिवाळीच्या आधी सहादू सहज बापूंच्या घरी गेला, तर पलंगामागं चादर पांघरून दोन कोरी मशीनं ठेवलेली. एकावर कुणा मंगलाबाईच्या नावाची चिठ्ठी होती. सहादूला सांगावं लागलं नाही. गिऱ्हाईक नव्हतंच. बापूंनी खोट्या नावानं ऑर्डरी लिहिल्या होत्या आणि हप्ते स्वतःच्या पगारातून भरत होते.

"दोन वर्सं राह्यली माझी," बापू म्हणाले. "कशीतरी रेटायची. तू कुटं बोलू नको."

"मी कशाला बोलतोय, बापू," सहादू म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला होता.

असं ते साल, ब्याऐंशी. दिवाळी झाली आणि खांबेटे साहेबांनी जाहीर केलं की शहराच्या लाइनीत बदल करायचाय, माणूस मीटिंगमधूनच निवडणार. त्या शनिवारी साहेबांनी दोन पिक्चर ठेवले. एक बघायचा, मग दुसरा बघायचा, मग दोन्हींची तुलना करून बोलायचं.

पहिला कंपनीचाच होता, रंगीत, हिंदीतला. गोरागोमटा पोरगा, गळ्यात टाय, हातात पेटी. पहिल्या दारातून कुत्रं अंगावर येतं, पोरगा हसतो. दुसऱ्या दारातून बाई पाणी ओतते, पोरगा हसतो. पुढच्या दारात एक म्हातारी फाटकी छत्री घेऊन बसलेली असते, तिची छत्री तो शिवून देतो, आणि पाठोपाठ अख्खी गल्ली मशीन घ्यायला रांग लावते. शेवटी मोठा साहेब त्याच्या हातात मोटारीची चावी ठेवतो. पिक्चर संपला तेव्हा माडीवर थोड्या टाळ्या वाजल्या. खरं तर हा पिक्चर सगळ्यांनी आधीही पाहिला होता.

दुसरा मात्र साहेबांनी नुसतं नाव वाचून मागवला होता. नावात सेल्समन होता, तेवढ्यावर. परदेशी, इंग्रजी, काळा-पांढरा. साहेब प्रोजेक्टरशेजारी उभे राहून मराठीत सांगत होते. एक वयस्कर माणूस भिंतीवरची घड्याळं विकतो. बाहेर बर्फ पडतंय. तो दारं वाजवतो. कुणी उघडत नाही. मग तो ऑफिसात येतो आणि साहेबाला म्हणतो, आज दोन गेली. आणि ती दोन्ही घड्याळं कोटाखाली लपवून घरी नेतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मंडळी हसली. मग घर दाखवलं. भिंतीवर घड्याळ, टेबलावर घड्याळ, पलंगाखाली घड्याळं, सगळी चालू, आणि त्याची बायको कानावर उशी दाबून झोपायचा प्रयत्न करतेय. हसणं हळूहळू विरलं. खांबेटे साहेबांनीही सांगायचं थांबवलं. नंतरचा सगळा पिक्चर कुणाला शब्दानं कळला नाही आणि तरी सगळ्यांना कळला. म्हातारा रोज सकाळी भांग पाडून निघतो आणि रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून राहतो. शेवटी एक दिवस पेटी बाकावर ठेवून बर्फात चालत जातो, आणि बाकावर पेटी राहते.

चादरी काढल्या, उजेड आला. कुणी कुणाकडं बघेना. त्या माडीवर खोटी ऑर्डर कधीच लिहिली नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

साहेबांना जरा ओशाळल्यासारखं झालं होतं. पण साहेब ते साहेब. त्यांनी खडूनं फळ्यावर दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'छत्रीवाला', दुसऱ्यावर लिहिलं 'घड्याळवाला'. म्हणाले, "बोला. छत्रीवाल्याचं काय बरोबर आलं, आणि घड्याळवाल्याचं काय चुकलं?"

गोरक्ष उठला. "साहेब, घड्याळवाल्याच्या बुटाला पॉलिश नव्हतं."

"गुड. पुढं?"

"साहेब, तो हसत नव्हता." "साहेब, त्याला मालाची माहिती नव्हती." एकेकजण उठत होता आणि त्या मेल्या माणसाला आणखी एक दगड मारून खाली बसत होता. बापूंची पाळी आली. ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, त्याच्याकडं बर्फ लय होता."

माडी हसली. साहेब हसले नाहीत.

मग सहादू उभा राहिला. पिक्चर चालू असतानाच त्याच्या मनात एक गोष्ट आली होती. छत्रीवाला आणि घड्याळवाला हे दोन नाहीतच, एकच माणूस आहे. चावी मिळालेला पोरगाच तिकडं जाऊन म्हातारा झालाय, मधली वर्षं तेवढी कुणी दाखवली नाहीत. तेच बोलावं असं क्षणभर त्याला वाटलं. पण असलं बोलून शहराची लाइन कुणाला मिळत नाही. त्याला भाजलेला हात दिसला आणि तो दुसरंच बोलायला लागला.

"साहेब, छत्रीवाल्यानं गिऱ्हाईकाची नड ओळखली. घड्याळवाला स्वतःचीच नड घेऊन हिंडत होता. नड घेऊन दारात उभं राहिलं की बाईला विक्रेता दिसत नाही, भिकारी दिसतो."

खांबेटे साहेबांनी खडू खाली ठेवला. त्यांची मान हलली.

इथं सहादूनं खाली बसायला हवं होतं. पण अंगात मुरलेली सवय. समोरची मान हलायला लागली, आणि सहादू सुटला. म्हणाला, "आणि साहेब, बूट-बीट काही नाही, त्याची खरी चूक म्हणजे पहिली खोटी ऑर्डर. एक लिहिली की दुसरी लिहावीच लागते." मान आणखी हलली. "यात कंपनीचीपण चूक आहे, साहेब. कंपनीनं एकदा त्याच्या घरी जाऊन बघायला पाहिजे होतं. दारात पाऊल टाकलं असतं तरी घड्याळं दिसली असती."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले. पुढच्या बाकावर बापूंची पाठ होती. पाठ हलली नाही. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड, पगारे, हा खरा अभ्यास." माडीवर पुन्हा टाळ्या वाजल्या आणि त्यात बापूही वाजवत होते.

खाली चहाच्या गाडीवर गोरक्षचं तोंड सुरूच होतं. "काही नाही रे, पहिल्यात बायका दार उघडतात, दुसऱ्यात उघडत नाहीत, एवढाच फरक. बाकी माल तोच, माणूस तोच." सगळे हसले. बापूंनी सगळ्यांचा चहा सांगितला. सहादूचा कप त्यांनी स्वतः उचलून त्याच्या हातात दिला.

"बापू, मी पिक्चरचं बोललो," सहादू हळूच म्हणाला.

"मग? मी कुटं काय म्हनलो?"

सोमवारी खांबेटे साहेब गोरक्षला घेऊन बापूंच्या घरी गेले. पलंगामागची मशीनं टेम्पोत घालून परत आणली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बापूंना काढलं नाही. दोन वर्षं राहिलीत म्हणाले, बाहेरची लाइन करा. सिन्नर, येवला. आणि सहादूला केबिनमध्ये बोलावून शहराची लाइन दिली.

"तुमच्यात अॅम्बिशन आहे, पगारे."

"साहेब, तसं नाही, बायको आजारी असते. तिला एकटी टाकून..."

"ते सांगू नका कुणाला. अॅम्बिशनच म्हणा. मुंबईला कळवताना बरं दिसतं."

लाइन बदलली की जुन्या माणसानं नव्याला घरं दाखवायची, अशी या धंद्यातली रीत. जुना माणूस बरोबर असला की बाई दार उघडते. त्या आठवड्यात बापू सहादूला घेऊन दारोदार हिंडले. पंचवटी झाली, भद्रकाली झाली, इंदिरानगर झालं. दारात बापूंची भाषा एकदम शहरी व्हायची. "वत्सलाबाई, हे आमचे पगारे. आता मशीनचं काही असलं तर यांना सांगायचं. माणूस अगदी खात्रीचा." प्रत्येक दारात तेच. खात्रीचा माणूस. सहादूला वाटायचं, बापूंनी एकदा तरी तोंडावर थुंकावं. एकदा गल्लीत कुणी नाही असं बघून त्यानं बापूंचा हात धरला. "बापू, काहीतरी बोला."

बापूंनी हात सोडवून घेतला. "तुझ्या जागी मी असतो तर मीपन बोललो असतो," ते म्हणाले. "नसतो बोललो असं म्हनता आलं असतं तर बरं झालं असतं. चल, दोन घरं राह्यली."

शेवटचं घर बापूंचं स्वतःचं निघालं. दारातच बापूंच्या बायकोनं, विठाबाईनं, सहादूच्या हातावर पाणी घातलं. आत शिऱ्याचा वास. बुद्धाच्या तसबिरीला आणि बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार. पलंगामागची जागा मोकळी होती आणि तिथं नवी वळकटी बांधून ठेवलेली.

"बसा, भाऊ," विठाबाई म्हणाली. "तुमचे उपकार कसे फेडावे? ह्यांनी सांगितलं मला सगळं. मिटिंगीत तुम्ही उठून बोलला म्हणून झालं. नायतर ह्या वयात कोन साहेब करतं?"

सहादूनं बापूंकडं बघितलं. बापू ताटाकडं बघत होते.

"चार तालुक्यांवर देखरेख," विठाबाई सांगत होती. "म्हनून फिरावं लागनार म्हने. ती घरातली मशीनं कंपनीनं नेली, आता मोठं देनार हायेत. खरं का हो, भाऊ?"

आता खरं सांगता आलं असतं. पण समोर बाई वाढायला उभी होती, तिच्या तोंडावर इतका आनंद होता की तिची ती ओघळलेली म्हातारी गालफडं एकदम तरणी दिसत होती. सहादू म्हणाला, "खरंय, वहिनी." मग तो खाली मान घालून शिरा खात राहिला. विठाबाईनं दुसऱ्यांदा वाढला तोही खाल्ला. 

निघताना बापू कोपऱ्यापर्यंत आले. "तू गावातच हायेस. सांजचं हिच्याकडं डोकावत जा," ते म्हणाले. "एकटं राह्यची सवय नाय तिला."

सहादू डोकावत राहिला. संध्याकाळी आधी घरी जाऊन कुसाबाईपुढचा स्टोव्ह तो ओढून घ्यायचा, भात टाकायचा, मग विठाबाईच्या दारात जाऊन यायचा. कुसाबाई हळूहळू सुधारत होती. रात्री शेजारी माणूस आहे म्हटल्यावर तिच्या जिवाला स्वस्थता आली होती. सहादूला झोप लागत होती, आणि आपल्याला झोप लागते याची त्याला लाज वाटत होती. विठाबाई विचारायची, साहेब काय म्हणतात? सहादू म्हणायचा, बापूंवर खूश आहेत. शनिवारी मीटिंगला बापू यायचे, पेटीच्या पट्ट्यानं उजवा खांदा खाली गेलेला. कुणी नवीन पोरगा त्यांच्यापुढं छत्रीवाला-घड्याळवाला असा विनोद करायचा, आणि बापूही हसायचे.

उन्हाळ्यात, येवल्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, ऑफिसात फोन आला. दुपारचं ऊन होतं. बापू एसटी स्टँडवरून पेटी खांद्यावर घेऊन विणकरांच्या गल्लीत गेले होते. एका घराच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं. आतून बाई तांब्या घेऊन आली तोवर संपलं होतं. पेटीचा पट्टा खांद्यातच होता, तो काढायला दोन माणसं लागली.

खांबेटे साहेबांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "पगारे, तुम्ही पुढं व्हा. त्यांच्या मिसेसना तुम्हीच सांगा. तुमचं जाणं-येणं आहे."

विठाबाईला सांगायला सहादूला फार शब्द लागले नाहीत. त्याला अशा अवेळी दारात बघूनच ती खाली बसली. वस्तीतल्या बायका गोळा झाल्या. शेजारच्या आक्काबाईनं तिला पाठीमागून धरलं. मग विठाबाईनं विचारलं.

"कुटं गेले?"

"येवल्यात, वहिनी. उन्हाचा त्रास झाला. बसल्या बसल्या गेले."

"काय करत होते?"

सहादू बेसावध होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "पेटी घेऊन गल्लीत चालले होते."

विठाबाईनं डोळे पुसले आणि त्याच्याकडं बघितलं. "साहेब होते ना ते? मग पेटी का उचलली त्यांनी?"

 सगळी वस्ती सहादूच्या तोंडाकडं बघत होती. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. साहेब नव्हते ते. माझ्या तोंडानं गेले. माझ्या बायकोचा हात भाजला होता म्हणून गेले. 

"नवीन पोरं होती बरोबर," तो म्हणाला. "त्यांना दाखवत होते, पेटी खांद्यावर कशी घ्यायची ते. साहेब असून स्वतः उचलायचे. तसला साहेब आम्ही दुसरा बघितला नाही."

विठाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं आक्काबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "ऐकलं का? शिकवीत होते," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडायला लागली.

बापूंना घेऊन येणारी मॅटाडोर गाडी यायला अजून वेळ होता. तेवढ्यात विठाबाईचा भाऊ भिका निरोप मिळताच ओझरहून सायकल मारत आला, घामाघूम, कसं झालं ते काहीच ठाऊक नसलेला. विठाबाईनं सहादूची बाही धरली. "भाऊ, ह्याला सांगा. कसं झालं ते ह्यालापन सांगा."

सहादूनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. या खेपेला पोरांची संख्या वाढली, गल्लीतली माणसं बघायला थांबली, आणि बापूंनी जाण्याआधी एका पोराच्या पाठीवर शाबासकीही दिली. सांगताना तो कुठंही अडखळला नाही.